नामा, तुझी राख कुठी शिरवायची?

नामा, दहावं झालं, तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, अन् तू अजून वावराच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाले टांगून आहे. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं अन् वरून सुतळी. मी सकाळी फिरायले म्हणून निघतो अन् तुझ्याच वावरात जाऊन उभा राहतो. काल तं बोललोच तुले, 'आता खुश काय बे? जन्मभर क्रेनच्या केबिनात लटकून राह्यला, आता झाडाले लटक.' बाजूच्या बांधीत धानाचे भारे बांधणाऱ्या बाया एकमेकीकडं पाहत राह्यल्या. किसन बुढ्याले वेड लागलं असं गावात झालं असन. होऊ दे.

राख घरात घेत नाई, नदीत शिरवेपर्यंत, म्हणजे सोडेपर्यंत, झाडाले टांगतात, ही आपली रीतच आहे. पण ती दोन-चार दिवसाची रीत. तुझा बाप, तुझी माय, माझी सिंधू, सगळे राख सावडल्याबरोबर आपल्या नदीच्या डोहात गेले. तुलेच तेवढं नदीत घेऊन नाई राह्यले. अन् याले कारण दुसरं कोणी नाई, तुझी जीभ आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मले तं येऊन राह्यला राग, काय करू?

रिटायर होऊन गावात आला तवापासून तुझा अड्डा म्हणजे बस स्टँडवरचा पानठेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचा नाई, पण खर्रा घोटणाऱ्याच्या बाजूले बसून गोष्टी सांगायच्या. लोकं विचारत, 'नामदेवभाऊ, त्या अणुवीज केंद्रात तुमी करत काय होते?' तू म्हणे, 'जळालेलं इंधन काढत होतो.' आता आपल्याकडं इंधन म्हणजे चुलीतलं लाकूड, अन् जळालेलं इंधन म्हणजे राख. राख काढायले क्रेन कायले लागते, म्हणून लोकं हसत. मंग तू समजावे, का आमचं इंधन जळते पण राख होत नाई. जसं घातलं तसंच दिसते, पण आतून धगधगत राहते. वर्षानुवर्षं पाण्यात बुडवून ठेवावं लागते. उघड्यावर त्याच्याजवळ गेला तो माणूस वाचत नाई. इथवर सगळं बरोबर होतं. पण मंग कोणीतरी म्हणलं, 'तं भाऊ, तुमाले नाई काई झालं?' तिथी साधं 'नाई' म्हणता येत नव्हतं काय रे? तू डोळे मोठे केले अन् म्हणला, 'मी मेल्यावर पहाजा. माझी राख हजार वर्षं कोमट राहीन. थंडीत शेकायले येत जा.'

सगळे हसले. मी तं खोकला लागेपर्यंत हसलो. पण ढिवर मोहल्ल्यातले दोघं-तिघं तिथी बसले होते, ते नाई हसले. नदीतली मच्छी म्हणजे त्याईची भाकर. त्याईनं ते ऐकून घेतलं अन् घरी जाऊन सांगतलं.

या इंधन शब्दानं तुले आधीही एकदा गोत्यात आणलं होतं. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा सुटीवर आला, तवा तुझ्या मायनं विचारलं, काय काम करतो बाप्पा? तू म्हणला, 'इंधनाचं बंडल असते, ते इथून उचलून तिथी ठेवतो.' बंडल म्हणजे काय? तुले शब्द सुचला नाई, म्हणला, 'मोळी समज.' झालं! बुढीनं बाजाराच्या दिवशी साऱ्या कुरखेड्यात सांगतलं का नामाले एवढं शिकवलं, आयटीआय केला, अन् पोट्टा परमुलखात जाऊन मोळ्या उचलून राह्यला. 'मोळ्याच उचलायच्या होत्या तं इथलं जंगल काय सरलं होतं?' म्हणून रडत बसली. मीच गेलो होतो समजावायले. मले तरी काय समजत होतं? म्हणलो, 'माय, लोखंडाच्या मोळ्या आहेत त्या.' तवा तं ती आणखी जोरानं रडली.

तसे आपण दोघंही इंधनाचेच. तू तिकडं गेला अन् मी घुग्घुसच्या कोळसा खाणीत. सुटीत भेटलो का सलामी ठरलेली. तू म्हणे, 'काय रे कोळशा, तोंड धुतलं काय?' मी म्हणे, 'दूर बस बे, माझे केस झडतीन.' मंग दोन दिवस नुसतं भांडण. मी म्हणे, आमची धूळ, आमची राख डोळ्याले दिसते तरी, तुमचं तं काईच दिसत नाई. तू म्हणे, 'दिसत नाई म्हणूनच जिवापलीकडं सांभाळतो. तुमाले दिसते, तरी तुमी रस्त्यानं सांडत जाता.' हे खोटं नव्हतं. ज्यानं घुग्घुसचा रस्ता पाह्यला त्याले विचारा.

अन् भांडणाचं सोड. सिंधू नागपूरच्या दवाखान्यात होती तवा तू न बोलावता आला. कोणाले काई सांगतलं नाई, सुटी काढून सरळ दवाखान्यातच. स्टोव्ह घेऊन आला होता. धर्मशाळेत खिचडी शिजवे अन् डब्ब्यात घेऊन ये. काय ती खिचडी! सिंधू एवढ्या दुखण्यात म्हणली, 'नामाभाऊजी, हे खायच्या भीतीनंच मी बरी होईन, घरी पळून जाईन.' ती गेली तवा तूच माझ्या मागं उभा होता. त्याबद्दल मी तुले कधी एक शब्द नाई बोललो. आपल्यात तसं बोलत नाई. आता बोलतो, का तू होता म्हणून मी त्या दिवसात वेडा नाई झालो.

तुझ्या नोकरीची शेवटची वर्षं मले नेहमी आठवतात, कारण त्या वर्षांत तू गप झाला होता. तुमच्या केंद्रातला वीज बनवायचा एक जुना संच कायमचा बंद केला, अन् तुले त्याच कामावर टाकलं. आपल्याले वाटते, वीज बंद झाली, कुलूप लावलं, संपलं. तू म्हणला, 'नाई रे, खरं काम तिथूनच सुरू होते.' मंग तूनं मले तुझ्याच अंगणात सांगतलं. मोठी खोली, खोलीत तलावासारखा हौद, पाणी इतकं नितळ का तळाचा स्क्रू पण दिसन. त्या पाण्याखाली सगळ्या मोळ्या रचून ठेवलेल्या. त्या पाण्याच्या वर आणायच्याच नाई. जाड भिंतीचं भलं मोठं पिंप क्रेननं पाण्यात सोडायचं, पाण्याच्या आतच त्यात मोळ्या भरायच्या, झाकण लावायचं, अन् मंगच वर उचलायचं. धुवायचं, पुसायचं, मोजायचं, पुन्हा पुसायचं. हात इतका हळू चालवायचा का बाजूच्याले वाटावं क्रेन बंद पडली. हे सांगताना तुझा हात हवेत तसाच हळूहळू चालला होता. चाय थंडी झाली तरी तुले भान नव्हतं.

शेवटचं पिंप निघालं, मोठ्या ट्रेलरवर चढलं, पुढं-मागं पोलिसांच्या गाड्या लागल्या, अन् सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूनं नाई वाजवल्या. 'काऊन?' मी विचारलं. म्हणला, 'मंजूच्या लग्नानंतर घर कसं वाटत होतं, तसं वाटलं.' तुझी एकच एक पोरगी. मले हसू आलं.

पण मी तो मीच. मी विचारलं, 'अन् ते नेलं कुठी?'

'दुसऱ्या जागी. पक्की जागा आहे.'

'तिथी जवळपास गाव आहे?'

'गाव तं सगळीकडंच असते बे.'

'त्याईले विचारलं होतं?'

तू उसळला. 'तू विचारून राह्यला? कोळशावाला? तुमची काळी धूळ लोकाईच्या जेवणावर बसते, ती विचारून बसते काय?'

'नाई विचारत! आमाले कोणीच नाई विचारलं, म्हणून तं तुले विचारून राह्यलो!'

मी इतक्या जोरानं ओरडलो का शकुनवहिनी आतून चाय घेऊन येता येता थांबली. मले वाटलं, आता तू मले अंगणातून हाकलतो.  पण तू म्हणला, 'थांब. याचं उत्तर विचार करून सांगतो.' आं? माझा प्रश्न सरायच्या आधी ज्याचं उत्तर यायचं, तो माणूस म्हणते विचार करून सांगतो! मी तुले चिडवलं पण. तू हसला नाई. त्यानंतर पानठेल्यावर भेटलो का मी भुवई वर करे, अन् तू मान हलवे, का अजून नाई सापडलं.

अन् मंग तू वहिनीले चाय मांड म्हणला अन् चाय उकळेपर्यंत गेला. कसली तक्रार नाई, दुखणं नाई. डॉक्टर म्हणला, हृदय बंद पडलं. किरणांचं काई नव्हतं, साधं माणसाचं मरण होतं. तुझ्या छातीवरचा तो बिल्ला, ज्यात किती किरण लागले ते कळते, त्याचा आकडा कधी वर चढला नाई म्हणून तू फुशारकी मारे. ते सगळं मले माहीत आहे. पण गावाले माहीत होती ती हजार वर्षांची गोष्ट.

स्मशानात माणसं आली. नाई आली असं नाई म्हणत मी. पण दूर दूर उभी राह्यली. वारा फिरला का माणसं पण फिरत. मले वाटलं, धुराले चुकवतात. राख सावडायले तुझा जावई, मी अन् तुझा चुलतभाऊ. बाकीच्याईले काम निघालं. अन् आमी मडकं घेऊन नदीकडं वळलो तं वाटेत वच्छलाबाई उभी. ढिवर मोहल्ल्यात तिचा शब्द चालते, तुले सांगायले नको. हात जोडून म्हणली, 'किसनभाऊ, रागावू नका. नामदेवभाऊ आमाले परका नाई. पण डोहात नका शिरवू. आमचे लेकरं तेच पाणी पितात. अन् मच्छीले काय माहीत, कोणती राख कशाची?'

माझं डोकं फिरलं. म्हणलो, 'बाई, त्यानं मजाक केली होती!' ती म्हणली, 'ज्याची नदी नाई त्याले मजाक वाटते जी.' मी पुढं पाऊल टाकत होतो, पण जावयानं माझा हात धरला. मंग तुले मोहाले टांगलं.

मंजू नागपूरची, शिकलेली, तिले तं संताप आला. बापाच्या राखेले गावानं अडवावं म्हणजे काय! एक दिवस पाहून म्हणली, 'काका, गाडी आहे. मार्कंड्याले नेतो. वैनगंगेत शिरवतो. तिथी रोज इतके लोकं येतात, कोण विचारते?' खरं सांगतो नामा, मले ते पटलं. मोठी नदी, मोठं देवस्थान, कोणाशी भांडण नाई. मी तं चपला घालायले उठलो.

वहिनी आतून म्हणली, 'कोण विचारते म्हणूनच नको.'

मंजू म्हणली, 'आई, असं काय करतं?'

'वैनगंगेच्या खाली गावं नाई काय? तिथल्या लोकाईले माहीत नाई म्हणून चालते, इथल्याईले माहीत आहे म्हणून नाई चालत. राख तं तीच आहे ना?'

मी चपला घातलेलाच उभा राह्यलो. त्या दिवशी आपण भांडत होतो तवा ही बाई चाय घेऊन दारात थांबली होती. मले वाटलं होतं, आवाजानं दचकली. ऐकून राह्यली होती म्हणजे ती. अन् तुझ्यासारखीच विचार करून राह्यली होती, फक्त भुवया वर-खाली न करता.

म्हणून आमी तिघं ढिवर मोहल्ल्यात गेलो. जाळी वाळत घातली होती. वच्छलाबाई फाटलेलं जाळं सांधत बसली होती, आजूबाजूले दहा-बारा माणसं जमली. मी सुरू केलं. बिल्ला कसा असते, पिंप किती जाड असते, डॉक्टर काय म्हणला, माणूस किरणांजवळ काम करते म्हणून त्याच्या हाडात किरण नाई राहत. तुझ्या जागी मी लेक्चर देऊन राह्यलो, अन् देताना मलेच समजलं का मले अर्धंच समजते. वच्छलाबाईनं दोरा दातानं तोडला अन् म्हणली, 'भाऊ, तुमी विचारायले आले, का सांगायले आले?'

 वहिनी म्हणली, 'विचारायले आलो बाई. तुमी नाई म्हणले तं नाई.'

मी वहिनीले कोपर मारलं. असं कोणी बोलते काय? मागायले गेलं तं आधीच नाईचं दार उघडून द्यायचं? पण ती तशीच बसली. मनसाराम म्हणून एक बुढा आहे तिथी, उभा हाडाचा सापळा, त्यानं विचारलं, 'धुरात जातात काय ते किरण?' मी म्हणलो, 'मले जितकं माहीत आहे त्यानुसार नाई जात. पण मी कोळशाचा माणूस आहे.' पहिल्यांदा तिथी कोणीतरी हसलं. मनसाराम नाई हसला. वच्छलाबाई म्हणली, 'घरोघरी विचारून सांगतो. वेळ लागन.'

येताना वाटेत मी वहिनीवर चिडलो. 'नाई म्हणले तं कुठी नेसान?' ती म्हणली, 'मंग आपल्याच वावरात पुरू. तिथी धान नाई लावणार.' अन् मंग एकदम तिचा चेहरा मोडला. 'पण त्याईले मायजवळ जायचं होतं हो, किसनभाऊ.' रस्त्यातच बसली ती. मी बी बाजूले बसलो. पुढं गेलेली मंजू मागं फिरून दोघांच्या मधात येऊन बसली.

इथवर लिहून ठेवलं होतं. मधात बरेच दिवस गेले. वहिनीनं एकदाबी मोहल्ल्याकडं निरोप पाठवला नाई, अन् मले पण जाऊ दिलं नाई. मी म्हणे, आठवण तं करून देऊ. ती म्हणे, विचारलं आहे ना, मंग घाई नाई करायची. तुझ्यासोबत एवढी वर्षं काढलेली बाई आहे, तिच्यापुढं माझं काय चालते.

परवा वच्छलाबाई स्वतः आली. अंगणात बसली, पाणी घेतलं. म्हणली, 'डोहात नाई. डोहातलं पाणी थांबते. खाली खडकावर धार आहे, वाहतं पाणी, तिथी शिरवा. अन् डोंगा आमचा, आमचीच माणसं नेतीन.' वहिनीनं तिचे हात धरले. मंग ती म्हणली, 'आणखी एक. सगळे हो म्हणले, पण मनसाराम नाई म्हणते. शेवटपर्यंत नाईच म्हणला.'

'मंग?' मी विचारलं.

'मंग काय? एकानं नाई म्हणलं तं आमच्यात काम थांबते असं नाई. पण तो नाई म्हणला, हे तुमाले सांगणं माझं काम आहे.'

काल सकाळी नेलं तुले. लाकडाचा लहानसा डोंगा, त्यात वहिनी, मंजू, मी अन् वल्हवणारे दोघं. ऊन कोवळं होतं, पाणी गार. तुझ्या माय-बापाच्या डोहावरून पुढं गेलो तं वहिनीनं डोहाकडं पाहून हात जोडले अन् काईतरी पुटपुटली, मी विचारलं नाई. धारेजवळ फडकं सोडलं. हात अगदी हळू चालवला तिनं, सांडू दिलं नाई. राख पाण्यावर थोडी पसरली, मंग पाण्यानं ती ओढून नेली अन् तू गेला. मंजू मोठ्यानं रडली. मी तुले शेवटची शिवी द्यायची म्हणून ठरवून गेलो होतो, अन् हात जोडून बसलो. नामा, मले तुझ्याशिवाय भांडायले कोणी नाई रे.

परत आलो तं काठावर मोहल्ल्यातली पाच-सहा माणसं होती. जरा बाजूले, टोपी हातात घेऊन मनसाराम उभा. जाळं खांद्यावर होतं, पण कोरडं. सगळे गेले तरी तो उभाच. मी त्याच्यापाशी गेलो.  म्हणलो, 'भाऊ, राग आहे काय?'

'राग कायचा जी? माणूस चांगला होता. माती द्यायले यावंच लागते.' त्यानं टोपी डोक्यावर घातली. मंग म्हणला, 'मी नाई म्हणलो होतो. तेवढं ध्यानात ठेवजा म्हणजे झालं.'

ठेवतो, म्हणलो मी. तिकडच्या गावाले विचारलं होतं काय, ते तू विचार करून सांगणार होता, ते राहूनच गेलं. मले बी त्याचं पुरतं उत्तर सापडलं नाई. पण नामा, जिथी असशीन तिथी तू बी ध्यानात ठेव, मनसाराम नाई म्हणला होता.